बेसबॉलच्या इयत्ता



शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉलच्या जोडीने बेसबॉलचेही नाव असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण या खेळाच्या माहेरी, म्हणजे अमेरिकेत, खेळाडू तयार करणारी एक मोठी शाळाच शंभरहून अधिक वर्षे चालू आहे, हे थोड्यांनाच माहीत असेल. तिचे नाव मायनर लीग. या शाळेत इयत्ता आहेत, वरच्या वर्गात चढणे आहे, खाली उतरणे आहे आणि सत्र किती दिवसांचे असावे यावर वादही आहेत. या पाठात आपण त्या इयत्तांची नावे आणि त्यांच्या हंगामाची लांबी काळाप्रमाणे कशी बदलत गेली ते पाहू.

आधी थोडी पूर्वतयारी. बेसबॉलची सर्वांत वरची पायरी म्हणजे मेजर लीग. तिच्यात आज ३० क्लब आहेत. त्यांच्याखालच्या सगळ्या व्यावसायिक लीग म्हणजे मायनर लीग. आपल्या रणजी स्पर्धेत प्लेट गटातला संघ चांगला खेळला तर पुढच्या वर्षी संघच्या संघ वरच्या गटात जातो. मायनर लीगमध्ये तसे नसते. तिथे संघ जागच्या जागी राहतो आणि खेळाडू वर जातो. ज्या गावाने त्याला वर्षभर टाळ्या दिल्या, ते गाव पुढच्या उन्हाळ्यात नव्या मुलांची नावे पाठ करू लागते. हा फरक नीट ध्यानात ठेवावा, पुढचे पुष्कळसे त्यावरच उभे आहे.

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या आजोबांच्या काळची मॅट्रिक अकरावीला असे. आजचे लोक दहावीलाच मॅट्रिक म्हणतात. म्हणून जुन्या माणसाने 'मी मॅट्रिक' म्हटले की जाणकार माणूस 'कोणत्या सालची?' असे विचारतो. बेसबॉलमध्ये तर हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

१९०१ साली अमेरिकन लीग नावाच्या संघटनेने आपण आता मेजर लीग असल्याचे जाहीर केले आणि जुन्या नॅशनल लीगशी तिची चांगलीच जुंपली. दोघींमध्ये खेळाडूंची पळवापळवी सुरू झाली आणि लहान लीगशी केलेले जुने करार धाब्यावर बसले. दोन रेड्यांच्या झुंजीत झाडांचा चुराडा व्हावा तशी लहान शहरांची अवस्था झाली. तेव्हा या लहान लीगचे अध्यक्ष ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागोत एकत्र जमले आणि त्यांनी आपली स्वतःची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९०२ च्या हंगामापासून तिच्या १४ लीगना ए, बी, सी आणि डी अशा चार श्रेणी मिळाल्या.

ही श्रेणी कशावरून ठरे? खेळाच्या दर्जावरून, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात ती ठरे लोकसंख्येवरून. एका लीगमधल्या सर्व शहरांची लोकसंख्या एकत्र केली जाई आणि बेरीज जितकी मोठी तितकी श्रेणी वरची. यामागे सरळ व्यवहार होता. मोठे शहर म्हणजे जास्त तिकिटे, जास्त तिकिटे म्हणजे खेळाडूंना जास्त पगार, आणि जास्त पगार म्हणजे बहुधा चांगले खेळाडू. श्रेणीप्रमाणे संघाच्या पगाराची मर्यादा ठरे आणि वरच्या क्लबाने खालचा खेळाडू उचलला तर त्याची किंमत किती द्यायची तेही ठरे. म्हणजे हे अक्षर गुणपत्रिकेपेक्षा बाजारभावाच्या पाटीच्या अधिक जवळचे होते.

अक्षरे अपुरी पडली की काय होते? चारांत जागा होईना तेव्हा १९१२ मध्ये 'ए'च्या डोक्यावर 'डबल-ए' बसवली गेली. १९३६ मध्ये या दोघींच्या मध्ये 'ए-वन' नावाची आणखी एक पायरी घुसवली गेली. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेले आणि लीगची संख्या कशीबशी दहाच्या आसपास उरली. अशा काळात १९४३ मध्ये मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांच्या सीमेवरच्या डुलुथ आणि सुपीरियर या जोडशहरांत 'ई' श्रेणीची एक लीग निघाली. तिच्यात चार संघ होते आणि तिचा पहिला हंगामसुद्धा पुरा झाला नाही. 'ई' श्रेणीची लीग इतिहासात ती एवढीच. पाटी तयार होती, पण वर्गात मुले टिकली नाहीत, असे म्हणू या.

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पाट्यांची अदलाबदल झाली. 'डबल-ए' होती ती 'ट्रिपल-ए' झाली आणि 'ए-वन' होती ती 'डबल-ए' झाली. त्याच वर्षीची एक घटना सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये अनेक दशके कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १८ एप्रिल १९४६ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मॉन्ट्रियलच्या संघाकडून जर्सी सिटीच्या मैदानात उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने एका होम रनसह चार वेळा यशस्वी फटका मारला. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल १९४७ रोजी, तो ब्रुकलिनकडून मेजर लीगमध्ये खेळला. मॉन्ट्रियलचा संघ ज्या इंटरनॅशनल लीगमध्ये होता ती 'ट्रिपल-ए' होती. आदल्याच वर्षी तिला 'डबल-ए' म्हणत. म्हणून रॉबिन्सनच्या आधीच्या एखाद्या खेळाडूच्या नावापुढे 'डबल-ए' दिसले तर त्याला कमी लेखू नये, त्या वेळी वरचे अक्षरच तेवढे होते.

रॉबिन्सनला आणणारे ब्रँच रिकी हे गृहस्थ आपल्या विषयासाठी दुसऱ्याही कारणाने महत्त्वाचे आहेत. १९२० च्या दशकात सेंट लुईसच्या क्लबाचा कारभार पाहताना त्यांच्यापाशी श्रीमंत क्लबांइतका पैसा नव्हता. तयार खेळाडू विकत घेणे परवडत नाही, तर रोपे आपणच लावावीत असा विचार करून त्यांनी लहान गावांतले क्लब विकत घ्यायला किंवा कराराने बांधून घ्यायला सुरुवात केली. मुलगा 'डी' श्रेणीत यायचा आणि एकेक पायरी चढत सेंट लुईसला पोहोचायचा. या पद्धतीला तिकडे शेतावरून आलेलेच नाव पडले. १९४० च्या सुमारास एकट्या सेंट लुईसच्या हाताखाली तीसहून अधिक संघ होते. आमच्या मते अक्षरांचा अर्थ खरा बदलला तो इथे. तोपर्यंत श्रेणी शहराची होती, आता ती खेळाडूच्या शिक्षणाची झाली. गावाने आपला संघ जिंकावा म्हणून तिकीट काढावे आणि मालकाने ऐन हंगामात त्यातला सर्वांत चांगला खेळाडू वर बोलावून घ्यावा, असे होऊ लागले.

आता हंगामाच्या लांबीकडे वळू. मेजर लीगचा संघ पूर्वी वर्षाला १५४ सामने खेळे. १९६१ मध्ये अमेरिकन लीगने आणि १९६२ मध्ये नॅशनल लीगने ही संख्या १६२ केली. मायनर लीगमध्ये वरच्या श्रेणीचे हंगाम साधारण दीडशे सामन्यांचे आणि खालच्या श्रेणीचे सव्वाशेच्या आसपास असत. याला एक मोठा अपवाद होता. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये, कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेमुळे, खेळ वसंतात सुरू होऊन हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. मेजर लीगची शहरे तेव्हा शेकडो कोस दूर पूर्वेला होती, त्यामुळे या लीगला आपले घर सोडून कुणाच्या वेळापत्रकाकडे पाहण्याची गरज नव्हती. १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने एका हंगामात २३० सामने खेळले. व्यावसायिक बेसबॉलमधला हा विक्रम आजही उभा आहे.

इथे थोडे गणित करू. १९२५ मध्ये याच लीगमध्ये सॉल्ट लेक सिटीकडून खेळताना टोनी लॅझेरीने ६० होम रन मारले. दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, बेब रूथने मेजर लीगमध्ये ६० मारले आणि त्याचे नाव जगभर झाले. मग लॅझेरीचे का झाले नाही? लॅझेरीचे ६० होम रन १९७ सामन्यांतले होते. त्याच वेगाने तो १५४ सामने खेळला असता तर ६० गुणिले १५४ भागिले १९७, म्हणजे जवळजवळ ४७ झाले असते. शिवाय सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून उंचावर आहे. तिथली हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो. हे आपल्या भौतिकशास्त्राच्या तासाला विचारावे. १९२७ मध्ये लॅझेरी रूथच्याच न्यूयॉर्क संघात होता आणि त्या वर्षी त्याने १८ होम रन मारले. तोही काही साधा खेळाडू नव्हता, होम रनच्या यादीत तो लीगमध्ये तिसरा होता. पण श्रेणी आणि हंगाम सांगितल्यावाचून ६० हा आकडा काहीच सांगत नाही.

हा किनाऱ्यावरचा ऐटबाज संसार इतका भरभराटीला आला की तिसरी मेजर लीग व्हायची स्वप्ने तो पाहू लागला. १९५२ मध्ये त्या लीगला 'ट्रिपल-ए'च्याही वर 'ओपन' नावाची खास श्रेणी देण्यात आली. पण १९५८ मध्ये न्यूयॉर्कचे दोन मेजर क्लब लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को इथे राहायला आले आणि 'ओपन' श्रेणी बंद झाली. लीग पुन्हा 'ट्रिपल-ए'त आली.

मायनर लीगचा सुवर्णकाळ म्हणजे १९४९. त्या वर्षी ५९ लीग, साडेचारशेच्या आसपास संघ आणि सुमारे ४ कोटी प्रेक्षक होते. अमेरिकेतल्या कितीतरी लहान गावांत तेव्हा पोस्ट, शाळा, चर्च आणि बेसबॉलचा संघ असे. पण घरोघर टेलिव्हिजन आला, त्यावर मेजर लीगचे सामने दिसू लागले, आणि खुर्चीत बसून न्यूयॉर्कचा खेळ दिसत असताना गावच्या लाकडी बाकावर कोण बसणार? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस लीगची संख्या विसाच्या आत आली होती.

तेव्हा मेजर क्लबांनी हात दिला. खेळाडूंच्या पगाराचा मोठा भार त्यांनी उचलला, आणि १९६३ च्या हंगामापासून श्रेणींची रचना आपल्या सोयीने बदलून घेतली. बी, सी आणि डी या तिन्ही श्रेणी रद्द झाल्या. फ्लोरिडा स्टेट लीग १९६२ मध्ये 'डी' होती; १९६३ मध्ये ती 'ए' झाली. कॅलिफोर्निया लीग 'सी'ची 'ए' झाली, कॅरोलिना लीग 'बी'ची 'ए' झाली. ज्या मुलांनी अजून काही सिद्ध केले नव्हते त्यांच्यासाठी 'रूकी' म्हणजे नवशिक्यांची श्रेणी निघाली. सर्वांत खालच्या वर्गातला मुलगा एका रात्रीत 'ए' श्रेणीचा झाला! त्याचा खेळ मात्र काल होता तसाच होता.

दोन वर्षांनी हंगामाचीही फोड झाली. १९६५ च्या जून महिन्यात मेजर क्लबांनी शाळा-कॉलेजांतल्या खेळाडूंची वार्षिक निवड सुरू केली. निवडलेली मुले शिक्षणाचे सत्र संपवून जूनमध्ये येणार आणि मायनर लीगचा हंगाम तर एप्रिलमध्येच सुरू झालेला. मग त्यांनी खेळायचे कुठे? यासाठी 'शॉर्ट सीझन ए' ही श्रेणी झाली. तिचा हंगाम जूनच्या मध्याला सुरू होऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला संपे आणि त्यात अलीकडच्या काळात ७६ सामने असत. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातली मुले आईवडिलांबरोबर मैदानावर यायची आणि शाळा उघडताना हंगाम आटोपायचा. शाळा चालवणारे म्हणून आम्हाला हे वेळापत्रक फार शहाणपणाचे वाटते. १९९० मध्ये 'ए'चेही दोन भाग झाले आणि शिडीच्या पायऱ्या आणखी वाढल्या.

एका सामन्याची लांबी हा खरे म्हणजे वेगळा विषय, पण १९८१ चा एक सामना सांगितल्यावाचून राहवत नाही. 'ट्रिपल-ए'तल्या पॉटकेट आणि रॉचेस्टर या संघांत १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला सामना पहाटे चारनंतर थांबवण्यात आला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. राहिलेला खेळ २३ जूनला झाला आणि सामना ३३ डावांनी संपला. नेहमीचा सामना ९ डावांचा असतो. २०१८ पासून मायनर लीगमध्ये जादा डावात एक धावपटू आधीच दुसऱ्या तळावर उभा करतात, त्यामुळे निकाल लवकर लागतो.

या शिडीवर आपल्या देशातलीही दोन मुले चढली आहेत. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करणारे. (क्रिकेटमधला रिंकू सिंह तो हा नव्हे.) २००८ मध्ये भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षी पिट्सबर्गच्या क्लबाने त्यांच्याशी करार केला. त्याआधी बेसबॉल त्यांनी हातातही धरलेला नव्हता. २००९ मध्ये दोघे फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीगमध्ये, म्हणजे 'रूकी' श्रेणीत, खेळले. दिनेश २०१० मध्ये मोकळा झाला. रिंकू पुढे स्टेट कॉलेज या गावच्या 'शॉर्ट सीझन ए' संघात गेला आणि तिथून वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्ण हंगामाच्या 'ए' संघात. २०१२ मध्ये तो तिथे खेळत होता. मग दुखापतींनी त्याची वाट अडवली. त्यांच्यावर २०१४ मध्ये हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. चित्रपटात जे फारसे दिसत नाही ते असे की, कधी बेसबॉल न पाहिलेल्या मुलाला उभे राहायला जागा मिळाली ती सर्वांत खालच्या, लहान हंगामाच्या पायऱ्यांमुळे.

त्याच पायऱ्या आता राहिलेल्या नाहीत. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे मायनर लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्याच वर्षी जुन्या राष्ट्रीय संघटनेचा मेजर लीगशी असलेला करार संपला आणि तो पुन्हा झाला नाही. १९०१ पासूनचा कारभार मेजर लीगने आपल्या हातात घेतला. २०२१ पासून प्रत्येक मेजर क्लबाला चार, असे १२० संघ उरले. त्याआधी ते १६० होते. श्रेणी चारच राहिल्या: ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि साधी 'ए'. तिला पहिल्या वर्षी 'लो-ए' म्हणत. 'शॉर्ट सीझन' बंद झाले. नवशिक्यांचे सामने आता क्लबांच्या सराव मैदानांवरच होतात.

न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया या गावाची लोकसंख्या सुमारे १५ हजार. १९३९ मध्ये याच गावी एक लीग जन्मली, जी पुढे न्यूयॉर्क-पेन लीग म्हणून प्रसिद्ध झाली. 'डी'पासून 'ए' आणि मग 'शॉर्ट सीझन' अशा सगळ्या पाट्या तिने पाहिल्या. २०१९ चा तिचा हंगाम शेवटचा ठरला. बटाव्हियाचा संघ मायनर लीगच्या बाहेर पडला आणि २०२१ पासून गावच्या मैदानावर उन्हाळ्यात कॉलेजचे विद्यार्थी खेळतात, बिनपगारी. रिंकूचे स्टेट कॉलेजही असेच बाहेर पडले. खर्च कमी झाला, मैदाने सुधारली, प्रवास घटला असे मेजर लीगचे म्हणणे आहे आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या गावाने लीग जन्माला घातली त्यालाच शिडीवर जागा उरू नये, हे आम्हाला रुचत नाही.

नव्या व्यवस्थेत ट्रिपल-एचा हंगाम लांबला. २०२२ मध्ये ट्रिपल-ए १५० सामने, डबल-ए १३८ आणि खालच्या दोन्ही श्रेणी प्रत्येकी १३२ सामने खेळल्या. दोन संघ मंगळवार ते रविवार एकाच गावी सहा सामने खेळतात आणि सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे रात्रभर बसमध्ये काढण्याची वेळ कमी येते. हंगामाच्या लांबीचा पोटाशीही संबंध आहे. अनेक वर्षे या खेळाडूंना पगार मिळे तो केवळ हंगामापुरता; हिवाळ्यात ते गोदामात किंवा दुकानात काम करीत. २०२२ मध्ये ते मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाले आणि साध्या 'ए'चे ११,००० वरून २६,२००.

स्वाध्याय: इयत्ता आठवी व त्यापुढच्या विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सोडवून क्रीडा शिक्षकांकडे द्यावेत. एक खेळाडू १९४५ मध्ये 'डबल-ए'त, दुसरा १९४६ मध्ये 'डबल-ए'त आणि तिसरा १९४६ मध्ये 'ट्रिपल-ए'त खेळला; यांपैकी कोणते दोघे एकाच पातळीवर होते आणि का? ७६ सामन्यांत १५ होम रन आणि १३२ सामन्यांत २४ होम रन, यांत कोणाचा वेग जास्त? तिसरा प्रश्न पालकांनी मुलांबरोबर सोडवावा: घरातल्या आजी-आजोबांना विचारून त्यांच्या शाळेत कोणत्या इयत्ता होत्या, सत्र कोणत्या महिन्यात सुरू होई आणि कोणती परीक्षा शेवटची असे, याचा एक तक्ता करावा. चांगले तक्ते शाळेच्या फलकावर लावले जातील.